वांगाचं औषध

सांगलीकर माणूस एक वेळ सख्ख्या जावयाला नावं ठेवील, पण हळदीला ठेवणार नाही. त्यामुळे हळदीच्या रंगावर चालणारी ‘मनरंग’ टिकली जेव्हा सांगलीतल्याच एका प्रयोगशाळेतून बाहेर पडली, तेव्हा गावाने ती डोक्यावर घेतली, म्हणजे अक्षरशः कपाळावर घेतली.

टिकली दिसायला साधी, पिवळी, मुगाच्या डाळीएवढी. माणूस निवांत असला की ती पिवळी राहायची, मन अस्वस्थ झालं की नारिंगी व्हायची आणि आतून अगदी ढवळून निघालं की लालभडक. बनवणाऱ्यांनी पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं, की ही मनावरचा ताण मोजते. पण पाकीट वाचतो कोण? लोकांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला: लाल टिकली म्हणजे पोटात एक आणि ओठात एक. दोन-तीन वर्षांत तर टिकलीशिवाय पान हलेना. भाजीवाल्या टिकली लावून ‘आजचीच मेथी हाय’ म्हणू लागल्या. नोकरीच्या मुलाखतीला टिकली आली. एका उमेदवाराने प्रचारसभेत टिकली लावून भाषण सुरू केलं आणि ‘माझ्या बंधूंनो’ म्हणतानाच ती लाल झाल्यामुळे तिथूनच घरी गेला. पुरुषांना ती मनगटावर लावायची सोय होती, पण बहुतेकांना ती नेमकी घरी विसरायची सवय लागली. बायकांना मात्र विसरून चालत नव्हतं. जी लावणार नाही तिच्या मनात काहीतरी आहे, असं ठरून गेलं होतं.

अशा काळात विश्रामबागच्या मगदूमांच्या घरी एक चमत्कार नांदत होता. घरची सून ऋजुता. तिची टिकली कधी म्हणता कधी ढळत नसे. दूध उतू जावो, पाहुणे न सांगता येवोत, सासूबाई काही बोलोत, टिकली आपली पिवळीधमक. सासूबाईंचं नाव सुजाताबाई. त्या चारचौघींत कौतुकाने सांगायच्या, “आमच्या ऋजुताच्या मनात काळं-बेरं नाहीच मुळी.” आसपासच्या सासवा आपापल्या सुनांना घेऊन ऋजुताला बघायला यायच्या. अलीकडे तर सुजाताबाईंचीही टिकली हलेनाशी झाली होती. ‘वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण एखाद्या सासूबद्दल चांगल्या अर्थाने वापरली गेल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

ऋजुता शाळेत विज्ञान शिकवायची. रसायनशास्त्राने दहावीत ज्यांना हात दाखवला होता अशा मुलांचा उजळणी वर्ग ती दर उन्हाळ्यात घेत असे. त्या दिवशी तिने एक पांढरा रुमाल फळ्यावर टाचला होता. त्यावर आमटीचा पिवळा डाग होता.

“हा डाग साबणाने धुतला तर काय होतं?”

“लाल होतो!” सगळा वर्ग ओरडला. हे ज्ञान प्रत्येकाने घरी मार खाऊन मिळवलेलं होतं.

तिने डागावर साबणाचं पाणी टाकलं. डाग लाल झाला. मग लिंबू पिळलं. डाग परत पिवळा. “साबणाचं पाणी आम्लारीधर्मी, लिंबाचा रस आम्लधर्मी. हळद दोघांच्या संगतीत वेगळा रंग दाखवते, म्हणून तिला दर्शक म्हणायचं. आणि आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भेटले की दोघांचाही ताठा उतरतो, मागे क्षार आणि पाणी उरतं. त्याला म्हणायचं उदासिनीकरण. परीक्षेत ‘उदासीनता’ लिहू नका. मागच्या वर्षी तिघांनी लिहिलं होतं.”

“मॅडम, टिकलीचंपण असंच असतं का?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“असंच. ताण आला की आपल्या घामात काही खास रेणू वाढतात. टिकलीत एक विकर असतं, ते त्या रेणूंना फोडतं आणि त्यातून कणभर आम्लारी बाहेर पडतो. हळदीचा रंग त्या आम्लारीने लाल होतो. ताण ओसरला, की घाम मुळातच थोडा आम्लधर्मी असल्यामुळे रंग परत पिवळ्यावर येतो.”

“म्हणजे लाल झाली की माणूस खोटं बोलतोय?”

“टिकलीला माणूस दिसत नाही, बाळा. तिला आम्लारी तेवढा कळतो. तो कुठून आला हे शोधायचं काम आपलं.”

“मग तुमची कधीच लाल कशी होत नाही? आम्ही एवढा त्रास देतो तरी?”

वर्ग हसला. ऋजुताही हसली आणि घाईघाईने म्हणाली, “चला, पुढचा धडा काढा.” चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कारण चमत्काराचा उगम तिच्या न्हाणीघरातल्या फळीवर होता. टिकली नवी नवी आली तेव्हाची गोष्ट. ऋजुताने कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या आणि सुजाताबाईंनी नेहमीप्रमाणे त्या सगळ्या मोडून पुन्हा घातल्या. ऋजुता काहीच बोलली नाही, पण पाहुण्यांदेखत तिची टिकली जास्वंदीसारखी फुलली. सुजाताबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांना वाईट वाटलेलं पाहून ऋजुताला जास्तच वाईट वाटलं. सासू वाईट नव्हती. नुसती घड्या घालणारी होती. तिच्याशी भांडायचं कुठल्या तोंडाने?

मग तिने आपली विद्या पणाला लावली. वाटीभर व्हिनेगर घेतलं, त्यात चिमूट चिमूट खायचा सोडा टाकत गेली. फसफस झाली, कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि अर्ध्या आम्लाचा क्षार झाल्यावर ती थांबली. आता वाटीत अर्धं आम्ल होतं आणि अर्धा त्याच आम्लाचा क्षार. अशा जोडीला बफर द्रावण म्हणतात. त्यात थोडा आम्लारी आला तर आम्ल त्याला गिळतं, थोडं आम्ल आलं तर क्षार त्याला सामावून घेतो आणि सामू, म्हणजे आम्लतेचा आकडा, जवळपास जिथल्या तिथे राहतो. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आणि स्वतः जागचं हलायचं नाही. ऋजुताचा नवरा अभिनंदन आई-बायकोच्या मध्ये हेच करत असल्यामुळे तिला हे तत्त्व समजायला जड गेलं नव्हतं.

ते द्रावण तिने एका बाटलीत भरलं. कुणी विचारू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली, ‘वांगाचं औषध’, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळसर डागांवरचं. रोज सकाळी टिकलीखाली एक थेंब. आत राग आला तरी त्यातून सुटणारा आम्लारी तिथल्या तिथे जिरायचा आणि टिकलीला पत्ता लागत नसे. एकच गोष्ट तिला अधूनमधून खटकायची. बाटली हिशेबापेक्षा लवकर संपायची. अशा द्रावणाचं बाष्पीभवन होतच असतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं. शिक्षकांना स्वतःच्या घरचं गणित सोडवताना उत्तर आधी सुचतं आणि रीत मागून.

याच उन्हाळ्यात तिच्या नणंदेचा, स्वरदाचा साखरपुडा ठरला. मुलगा जयसिंगपूरचा, श्रेणिक चौगुले. दोघं एका ऑफिसात कामाला, दोघांनी एकमेकांना निवडलेलं, घरच्यांनी आनंदाने मान हलवलेली. स्वरदा लहान असताना ऋजुता या घरात आली होती. तिची वेणी घालण्यापासून तिच्याकडून रसायनांची सूत्रं पाठ करून घेण्यापर्यंत सगळं वहिनीने केलं होतं. त्यामुळे ऋजुताला आपल्याच मुलीचं लग्न असल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी गडबडीत काही चेहऱ्यावर, म्हणजे कपाळावर, दिसू नये म्हणून तिने वांगाच्या औषधाचे दोन-तीन थेंब जास्तच लावले.

हल्ली साखरपुड्यात एक नवा विधी शिरला होता. ओटी भरली, की मुलीला सगळ्यांसमोर विचारायचं, ‘मुलगा पसंत आहे का?’ आणि मुलगी ‘हो’ म्हणाली की सगळ्यांनी तिच्या टिकलीकडे बघायचं. पिवळी दिसली की टाळ्या.

विचारण्याचा मान श्रेणिकच्या आत्याचा होता. रत्नाआत्या म्हणजे दणदणीत बाई. त्या स्वतः टिकली लावत नसत. “माझ्या मनातलं तोंडावरच असतंय, टिकली कशाला?” असं त्यांचं म्हणणं आणि ते कुणाला खोडता येत नव्हतं. त्यांनी सोबत चांदीचा करंडा आणला होता.

“बाजारचं न्हवं हं कुंकू. सुनेच्या कपाळाला लावायचं म्हणून घरी केलंय. चांगली हळद घेतली, चुन्याची निवळी घातली, सावलीत वाळीवलं. रंग बघा कसला आलाय!”

औक्षणाची वेळ झाली. निरांजन विझू नये म्हणून मंगल कार्यालयातले सगळे पंखे बंद केले. एप्रिलमधली सांगली आणि पंखे बंद! स्वरदाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. रत्नाआत्यांनी भरघोस चिमूट घेतली आणि टिकलीच्या खाली अंगठ्याने प्रेमाने दाबून कुंकू लावलं.

“पोरी, समद्यांसमोर सांग. आमचा श्रेणिक पसंत हाय न्हवं?”

“हो,” स्वरदा लाजून म्हणाली.

सगळ्यांनी टिकलीकडे पाहिलं. ती पिवळी होती. मग नारिंगी झाली. मग बघता बघता लालभडक.

रत्नाआत्यांचा हात तसाच राहिला. “अगं बया! मनात न्हाई तर पोरीला कशाला बसवलंसा पाटावर?” त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं. मागे कुणीतरी कुजबुजलं, “टिकली कधी खोटं बोलत नाही.” श्रेणिकचे वडील उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“वहिनी, मला खरंच पसंत आहे गं,” स्वरदा रडवेली झाली.

ऋजुता धावत पुढे झाली. टिकली बदलून उपयोग नव्हता. पोर आता इतकी घाबरली होती, की नवी टिकली स्वतःच्या कर्तबगारीवर लाल झाली असती. तेवढ्यात तिची नजर करंड्यावर गेली आणि आत्यांचे शब्द तिच्या कानात वाजले. चुन्याची निवळी! म्हणजे सरळसरळ आम्लारी. घामात विरघळून तो टिकलीपर्यंत चढला होता.

“थांबा! टिकली मनामुळे लाल झालेली नाही, कुंकवामुळे झाली आहे. कुंकवात चुना आहे.”

“म्हंजी माझं कुंकू खोटं?” रत्नाआत्या कडाडल्या.

“खोटं नाही आत्या, खरं आहे, म्हणून तर! रंग घातलेल्या बाजारच्या कुंकवाने असं झालं नसतं. दाखवते ना. मला लावा. माझी टिकली कधी हलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तीसुद्धा लाल होईल, बघा.”

आत्यांनी तिच्या कपाळावर चांगला ठसठशीत टिळा रेखला. सगळे माना पुढे काढून बघू लागले. एक क्षण गेला, दोन गेले, बरेच गेले. ऋजुताची टिकली पिवळीधमक.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या थेंबांच्या जोरावर ती इतकी वर्षं मिरवली होती, त्यांनीच आत्यांचा चुना गट्ट करून टाकला होता. बाटलीची आठवण तिला आता झाली.

“बघा, कुंकवाचा दोष न्हाई,” आत्या म्हणाल्या. स्वरदाने ओंजळीत तोंड लपवलं.

खरं सांगावं, तर सासूबाईंनी गावभर वाजवलेला डंका त्यांच्याच पाहुण्यांसमोर फुटणार. न सांगावं, तर स्वरदाचं लग्न मोडणार. तिने एक पळवाट काढली. “आईंना लावून बघा,” ती म्हणाली. सासूबाईंचं कपाळ तरी प्रामाणिक होतं.

सुजाताबाई का कोण जाणे, दोन पावलं मागे सरकल्या. पण आत्यांनी त्यांना गाठून टिळा लावलाच. सगळे थांबले. टिकली पिवळी ती पिवळीच.

आता मात्र ऋजुता चक्रावली. आम्लारीत हळद लाल होते, हे काय आज रद्द झालं? नीट पाहायला ती सासूबाईंच्या कपाळाशी वाकली आणि तिच्या नाकात ओळखीचा आंबूस वास शिरला. अलीकडे सासूबाईंना हा वास यायचा तेव्हा तिला वाटायचं, लोणच्याचा असेल. तिने चमकून पाहिलं. सुजाताबाई बंद पंख्याकडे एकटक बघत होत्या.

बाष्पीभवनाचं कोडं त्या क्षणी सुटलं.

ऋजुता पाहुण्यांकडे वळली. “माझी टिकली हलत नाही, कारण मी तिच्याखाली रोज एक द्रावण लावते. मलाही राग येतो. पुष्कळ येतो. तो दिसू नये म्हणून लावते. आजही लावलंय, म्हणून कुंकवाचा परिणाम झाला नाही. स्वरदाने काही लावलेलं नाही. तिचं कपाळ खरं आहे, माझं खोटं.”

पाहुण्यांत चुळबुळ झाली. कुणाच्या तरी तोंडून ‘बघा हो ही आदर्श सून’ असं निघून गेलं.

“आन् विहीणबाईंचं काय मग?” आत्यांनी विचारलं.

“आईंचा… स्वभावच शांत आहे,” ऋजुता म्हणाली. एवढं धडधडीत खोटं बोलूनही तिची टिकली पिवळीच राहिली.

“पुरे,” सुजाताबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि सुनेचा हात धरून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. “तिला एकटीला बोल लावू नका. मीही तेच लावते. गेल्या दिवाळीत कपाळावर वांग दिसायला लागला म्हणून हिच्या बाटलीतलं औषध लावलं. वांग काही गेला नाही, पण टिकली मात्र हलायची बंद झाली. मी म्हटलं, असू दे. ही एवढी शांत, आणि मी सासू असून उठता-बसता लाल होते, बरं दिसतं का ते?”

पहिल्यांदा हसली ती स्वरदा. रडता रडताच फस्सकन हसली. मग अभिनंदन हसला आणि मग सगळं कार्यालय.

श्रेणिक उठला, करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, घामेजल्या मनगटावरच्या आपल्या टिकलीला चोळलं आणि हात उंच धरला. टिकली लालबुंद झाली. “आत्या, म्हणजे मलाही स्वरदा पसंत नाही?”

ऋजुताने पोह्यांच्या ताटातली लिंबाची फोड उचलून त्याच्या मनगटावर पिळली. लाल रंग विरला, पिवळा आला. मागच्या रांगेतून साखरपुड्याला आलेली तिच्या वर्गातली एक मुलगी ओरडली, “उदासिनीकरण!” इतकं बरोबर उत्तर तिने परीक्षेत कधी दिलं नव्हतं.

रत्नाआत्या मनगटाकडे बघत हळूच म्हणाल्या, “मग आता पोरीच्या मनातलं कळायचं कसं?”

“विचारून,” श्रेणिक म्हणाला. “आणि ती सांगेल ते ऐकून.”

स्वरदाने टिकली सोलून काढली आणि पाटाच्या कडेला चिकटवून टाकली. डोळे पुसले, मान वर केली. “पसंत आहे. झोपेत घोरतो असं ऐकलंय, तरी पसंत आहे.”

“घोरतोच,” आत्या म्हणाल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं. कुणीतरी पंखे लावले. निरांजन विझलं, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋजुता कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. कपाळावर सवयीने टिकली होती, खाली थेंब नव्हता. सुजाताबाई आल्या, शेजारी बसल्या आणि त्यांनी नकळत वरचा टॉवेल उचलून मोडला. ऋजुताची टिकली नारिंगी झाली. सुजाताबाईंनी ती पाहिली. टॉवेल हातातच राहिला.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“मी घातलेल्या घड्या तुम्ही मोडता. पहिल्या दिवसापासून.”

“तू घड्या घालतेस का? मला तर गोळे वाटतात!” आता सुजाताबाईंचीही टिकली पेटली. “आणि जेवताना भाकरीवर कोणती अभिक्रिया झाली ते सांगत असतेस. मला नुसती भाकरी खाऊ देत जा गं!”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?”

“तू तरी कुठे सांगितलंस?”

आवाज ऐकून अभिनंदन दारात आला, दोन लाल टिकल्या पाहिल्या आणि आल्या पावली परत गेला. त्याची ती पाठ बघून दोघींना एकदमच हसू फुटलं. हसू ओसरलं तेव्हा दोघींच्या कपाळांवर पिवळा रंग आपोआप परत आलेला होता. लिंबू लागलं नव्हतं, औषधही नाही.

“त्या बाटलीचं काय करायचं?” सुजाताबाईंनी डोळे पुसत विचारलं.

“नळावरचे पांढरे डाग निघतील तिने. तोही चुनाच असतो.”

“बरं.” सुजाताबाईंनी टॉवेल तिच्यासमोर ठेवला, मोडलेला, तिनेच पुन्हा घालावा म्हणून. “अजून काही आहे का तुझ्या मनात?”

ऋजुताने टॉवेल हातात घेतला. “आहे. बरंच आहे.”

“माझ्याही आहे. मग आधी चहा टाक,” सुजाताबाई पाय पसरून ऐसपैस बसत म्हणाल्या, “आणि अगदी पहिल्यापासून सांग.”